रक्ताची उलटी थांबली म्हणून लगेच घरी सोडू नका (नवीन इंटर्नसाठी)

सांगलीत कॅज्युअल्टीला लागून मला जेमतेम ३ महिने झालेले. रात्री दीडला भिलवडीकडचे एक काका आले, घरी वाटीभर लालभडक रक्त ओकलेले पण आमच्याकडं येईस्तोवर बंद, बीपी ठीक, पोट मऊ. "आता थांबलंय की डॉक्टर, सोडा घरी." आणि खरं सांगतो, मी पॅन्टॉप (ॲसिडिटीचं औषध) देऊन सकाळी ओपीडीला या असं लिहायला घेतलंही होतं. तेवढ्यात सिस्टरनी विचारलं, काका, खाण्यात काय आलं होतं का? तर म्हणे ५ दिवसांपूर्वी माशाचा काटा अडकलेला, कोरड्या भाताचे गोळे गिळून खाली ढकलला, तेव्हापासून छातीत मधोमध दुखतंय.

माझे हातपाय गार पडले. छातीत दुखणं, मग थोडं रक्त, मग काही तास किंवा काही दिवस सगळं शांत, आणि मग एकदम धो धो. ही कियारी ट्रायड (कियारीनं सांगितलेली लक्षणांची त्रयी), १९१४ पासून माहितीय आणि आम्ही ती व्हायव्हापुरती, म्हणजे तोंडी परीक्षेपुरती पाठ केलेली. काटा अन्ननलिका फोडून शेजारच्या एओर्टात (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीत) शिरतो. मधे रक्त थांबतं ते गुठळीमुळं आणि बीपी उतरल्यामुळं, जखम भरली म्हणून नाही.

सीनियर सरांना झोपेतून उठवलं. तोंडाने काही द्यायचं नाही, दोन्ही हातांना जाड कॅन्युला (शिरेतली सुई-नळी), क्रॉसमॅच (द्यायचं रक्त जुळवून बघणं), अँटिबायोटिक. मी घाबरून सलाईन फुल सोडलेलं, सरांनी येताच कमी केलं, कारण बीपी उगाच वर नेला की तीच गुठळी सुटते. एक्स-रेत काटा दिसलाच नाही, सीटी अँजिओत (रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये) दिसला, एओर्टाला टेकलेला. असा काटा दिसला तरी एंडोस्कोपीतून ओढायचा नाही हं, बऱ्याचदा भोकाला बूच त्याचाच असतो.

काकांना पुण्याला पाठवलं, तिथं मांडीच्या धमनीतून एओर्टात स्टेंट ग्राफ्ट (भोक आतून झाकणारी कापड लावलेली जाळीची नळी) टाकला. पण तेवढ्यानं भागत नाही, अन्ननलिकेचं भोक तसंच राहतं आणि ग्राफ्टला इन्फेक्शन होतं, म्हणून नंतर छाती उघडून काटा काढला, अन्ननलिका शिवली, आणि काकांना कित्येक आठवडे आतड्यात घातलेल्या नळीनंच जेवण.

रेफर करताना चिठ्ठीवर नुसतं 'रक्ताची उलटी' लिहू नका. काटा कधी गिळला, दुखणं कधीपासून, पहिलं रक्त किती वाजता, रक्ताच्या किती पिशव्या दिल्या हे सगळ्यात वर लिहा आणि तिकडच्या सर्जनला आधी फोन करा. आमच्या वेळी त्या फोनमुळंच ॲम्ब्युलन्स थेट कॅथलॅबपाशी (जिथं धमनीतून असे स्टेंट टाकतात) लागली, टीम तयार उभी होती.