वधस्तंभावरील एका उद्गारावर मनन तयार करताना

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी बारा ते तीन या वेळेत होणाऱ्या उपासनेत प्रभू येशूने वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार मननासाठी सात जणांना वाटून देण्याची पद्धत आपल्या अनेक मराठी मंडळ्यांत आहे. पाळकसाहेब सहज "चौथा उद्गार तुमच्याकडे" असे सांगून जातात आणि ज्याने यापूर्वी कधी व्यासपीठावर पाय ठेवलेला नाही, त्याची त्या दिवसापासून झोप उडते. अशा व्यक्तीसाठी हे टिपण लिहिले आहे.

सर्वप्रथम आपला उद्गार कोणत्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी कोणत्या पुस्तकात, आहे ते पाहावे. सातही उद्गार एका ठिकाणी कोणत्याच शुभवर्तमानात मिळत नाहीत. पहिला, दुसरा आणि सातवा लूकमध्ये आहे; तिसरा, पाचवा आणि सहावा योहानात आहे; चौथा, म्हणजे "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हा, मात्र मत्तय २७:४६ आणि मार्क १५:३४ येथे आहे, आणि या दोघांनी वधस्तंभावरून त्याच्याखेरीज दुसरे एकही वाक्य नोंदवलेले नाही. म्हणून चौथा उद्गार वाट्याला आला असेल, तर लूकमधला पश्चात्तापी चोर आणि योहानातली मरिया यांना तूर्त बाजूला ठेवावे आणि मार्काचे चौदा व पंधरा हे दोन अध्याय आठवडाभर रोज मोठ्याने वाचावेत. त्याला जेमतेम वीस मिनिटे लागतात. मोठ्याने वाचा असा आग्रह मी धरतो, कारण लहानपणापासून ऐकलेला मजकूर डोळ्यांनी वाचताना आपण तो वाचत नसतो, नुसता ओळखत असतो.

या वाचनात काय सापडते, हे याच उद्गारावरून दाखवतो. गेथशेमाने बागेत येशू "अब्बा, बापा" अशी हाक मारतो (मार्क १४:३६). त्यानंतर अटक, शिष्यांचे पलायन, पेत्राचा नकार, थुंकणे आणि चाबूक हे सारे घडते, बोळ (एक कडू डिंक) मिसळलेला द्राक्षारस तो घेत नाही, तीन तास देशभर अंधार पडतो, आणि मग जी हाक येते ती "बापा" अशी नसून "माझ्या देवा, माझ्या देवा" अशी आहे. हे शब्द जुन्या करारातील बाविसाव्या स्तोत्राच्या पहिल्या ओळीचे आहेत. मार्क ते "एलोई, एलोई" असे अरामी भाषेतच देतो, आणि जवळ उभे असलेले काहीजण तो एलीया संदेष्ट्याला हाक मारत आहे असे समजतात. म्हणजे मरणाच्या घटकेला केलेली ही प्रार्थना ऐकणाऱ्यांनासुद्धा धड कळली नाही. मननासाठी एवढे निरीक्षण पुरेसे आहे. त्याला दुसऱ्या दाखल्याची जोड देण्याची गरज नाही.

येथे एक मोह आवर्जून टाळावा. बाविसावे स्तोत्र बाविसाव्या वचनापासून स्तुतीकडे वळते, हे खरे आहे आणि ते सांगायलाही हरकत नाही, परंतु पुष्कळ वक्ते "का केलास?" हा प्रश्न पुरता कानावर पडण्याआधीच त्याचे उत्तर देऊन मोकळे होतात आणि शेवटच्या दोन मिनिटांत थेट पुनरुत्थानाच्या रविवारच्या पहाटेपर्यंत पोहोचतात. मार्काने त्या प्रश्नाला उत्तर दिलेले नाही. त्याच्या वृत्तांतात त्यानंतर आंब (आंबट द्राक्षारस) भरलेला स्पंज येतो, एक मोठी आरोळी येते आणि मग मृत्यू येतो.

सात उद्गारांपैकी पहिला, चौथा आणि सातवा या प्रार्थना आहेत, ही गोष्ट तयारीच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रार्थनेवर बोलायचे असेल तर आधी ती करून पाहावी लागते. दुसऱ्या आठवड्यात लेखणी हाती घेऊ नये. रोज रात्री दिवा मालवल्यावर तो एकच उद्गार आपल्या तोंडाने देवाला म्हणावा आणि मध्ये कोणाचा चेहरा, कोणती जुनी तक्रार किंवा कोणते मरण आठवते ते पाहावे. "तू माझा त्याग का केलास?" हे शब्द देवाला उद्देशून उच्चारताना जीभ अडखळते, आणि आपल्या विश्वासात कोणत्या गोष्टी बोलायची आपण स्वतःला मनाई केली आहे, ते त्या अडखळण्यातून कळते. सातव्या उद्गारात "हे बापा" ही हाक आहे आणि पुढचे शब्द एकतिसाव्या स्तोत्राचे आहेत. तो म्हणताना वेगळीच अडचण येते, कारण "सोपवून देतो" असे म्हणत असताना आपली मूठ किती आवळलेली आहे ते लक्षात येते.

लिहिण्याचे काम तिसऱ्या आठवड्यात करावे आणि ते हाताने लिहिलेल्या तीन-चार पानांत आटोपावे. एकशे ऐंशी मिनिटांना सातने भागले तर प्रत्येकाच्या वाट्याला पंचवीस मिनिटे येतात, आणि त्यातच वाचन, गीत, प्रार्थना व स्तब्धता बसवायची असल्यामुळे बोलण्यासाठी दहा-बारा मिनिटेच उरतात. मी स्वतः एकदा "मला तहान लागली आहे" या पाचव्या उद्गारावर बोलताना दुष्काळ, टँकर आणि धरणे यांवरच निम्मा वेळ घालवला होता, आणि एजोब झुडपाच्या काठीवरच्या त्या स्पंजापर्यंत पोहोचेपर्यंत पुढचा वक्ता उठून उभा राहिला होता. सहाव्या उद्गाराला मात्र उलट धोका असतो. मूळ ग्रीकमध्ये तो एकच शब्द आहे आणि "पूर्ण झाले आहे" यातल्या "आहे"ने त्याचा अर्थ नेमका धरला आहे. तेवढे सांगून वक्ता दोन मिनिटांत संपवतो आणि मंडळी पेटीवाल्याकडे पाहू लागते.

बोलून झाल्यावर लगेच गीत सुरू करू नये, अशी विनंती पाळकसाहेबांना आधीच करून ठेवावी. घड्याळ पाहून दोन मिनिटे स्तब्धता राखावी, मग एका वाक्याची प्रार्थना करावी आणि कागद घडी करून जागेवर जाऊन बसावे.