जुन्या पिकअपमधली कुरकुर-खडखड कुठून येते, हे शोधायचं कसं

पिकअपच्या आवाजापायी पैसे वाया जातात, कारण आवाजाची जागा पक्की न करता सामान बदललं जातं. "खालून वाजतंय" म्हटलं की आधी शॉकअप, मग पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश, म्हणजे सांध्यातल्या रबरी नळ्या, मग स्टॅबिलायझरचे रबर. एवढं झाल्यावर कळतं की ढिली स्टेपनी आपटत होती. बोलेरो, टाटा २०७, झेनॉन या सगळ्या गाड्यांत चासीवर केबिन वेगळी आणि हौदा वेगळा बसवलेला असतो. मागे झालेला आवाज त्या लोखंडी चासीतून थेट डॅशबोर्डपर्यंत पोचतो, म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर बसून जागेचा अंदाज बहुतेक वेळा चुकतो.

सुरुवात गाडी पूर्ण रिकामी करण्यापासून करा. सीटमागचा जॅक, टामी, पान्यांची पिशवी, हौद्यातले दोर, साखळ्या, ताडपत्रीचे हुक, ग्लोव्ह बॉक्समधली नाणी, सगळं बाहेर काढा. स्टेपनी हाताने हलवून बघा, थोडी जरी हलली तरी आवळा. फाळका उघडून त्याच्या साखळ्या आणि कड्या तपासा. रिकाम्या गाडीत खडखड आणि माल भरला की शांतता, असं असेल तर संशय आधी फाळक्यावर घ्यायचा. साखळीवर जुन्या पाण्याच्या पाइपचा तुकडा चढवायचा आणि कडी बसते तिथे रबराची पट्टी लावायची. यात जेमतेम अर्धा तास जातो आणि पुष्कळ गाड्यांचा आवाज इथेच संपतो.

तरी आवाज राहिलाच तर तो केव्हा येतो हे ठरवा. उभ्या गाडीत रेस दिल्यावर आला तर इंजिन, बेल्ट किंवा सायलेन्सर. चाक फिरताना वेगासोबत वाढत गेला तर बेअरिंग, ब्रेक, टायर किंवा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या अ‍ॅक्सलला फिरवणारा लांब दांडा). खड्ड्यात किंवा गतिरोधकावरच आला तर पाटे, बुश, शॉकअप, केबिनचे माउंटिंग रबर. उभ्या गाडीत फक्त स्टेअरिंग फिरवल्यावर आला तर बॉल जॉइंट, टाय रॉड किंवा स्टेअरिंगचा शाफ्ट. चाचणीला एकच रस्ता आणि एकच गतिरोधक धरा आणि दर वेळी १० ते १५ च्या वेगाने जा. रस्ता बदलला की तुलनेला अर्थ राहत नाही.

मोबाइल इथे फार कामाचा आहे. रेकॉर्डिंग चालू करून तो प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि केबल टायने चासीला घट्ट बांधा. फिरत्या भागांपासून आणि सायलेन्सरपासून तो लांब हवा. त्याच गतिरोधकावरून एकदा मागच्या डाव्या शॅकलजवळ (पाट्याचं टोक चासीला जोडणारा हलता दुवा), एकदा उजव्या, एकदा केबिनच्या माउंटिंगजवळ असं रेकॉर्ड करा. ज्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज सगळ्यात मोठा आणि स्पष्ट आहे, तिथून काम सुरू करा.

खाली शिरण्याआधी एक नियम, त्यात सूट नाही: नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जायचं नाही. जमीन सपाट आणि टणक हवी, उचलणार नाही त्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावायचे आणि चासीखाली स्टँड द्यायचे. दगड-विटांवर गाडी ठेवायची नाही, वीट कधी फुटेल ते सांगता येत नाही.

पाटे आणि बुश

जुन्या पिकअपची खास कुरकुर इथली असते. पाट्यांच्या मध्ये धूळ आणि गंज साचतो. कोकणातली जांभ्याची तांबडी धूळ असो की शेतरस्त्यावरचा काळा चिखल, एकदा वाळला की पाटे एकमेकांवर कोरडे घासतात. ही कुरकुर पावसाळ्यात थांबते आणि उन्हाळ्यात परत येते, कारण पाणी तात्पुरतं वंगणाचं काम करतं. हाच गुण तपासणीला वापरायचा.

एका स्प्रे बाटलीत पाणी आणि थोडं भांड्यांचं लिक्विड घ्या. एकाने हौद्याच्या मागच्या कोपऱ्यावर उभं राहून गाडी दाबत राहायची. दुसऱ्याने बाजूला बसून एका वेळी एकच जागा भिजवायची: आधी पाट्याचा पुढचा बुश, मग शॅकलचा वरचा, मग खालचा, मग पाट्यांची टोकं, मग शॉकअपचा खालचा बुश. प्रत्येक जागेनंतर १५-२० वेळा गाडी दाबून ऐका. जी जागा भिजल्यावर आवाज गेला, ती आपली जागा. खडू किंवा रंगाने खूण करून ठेवा आणि सुकल्यावर पुन्हा खात्री करा. सगळं एकदम भिजवलं तर आवाज जाईल, पण कुठला गेला ते समजणार नाही. अनेक ठिकाणी गाडी आली की खालून डिझेल किंवा जळकं ऑइल फवारून देतात. त्यानेही आवाज दोन दिवस थांबतो, पण तेलाने साधं रबर फुगतं आणि मऊ पडतं, आणि त्या तेलावर पुन्हा धूळ चिकटते. रबराच्या बुशला लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीस किंवा सिलिकॉन स्प्रे लावा.

दोष पाट्यांच्या टोकांचा निघाला तर चासी जॅकने उचलून स्टँडवर ठेवा आणि अ‍ॅक्सल लोंबकळू द्या. भार गेला की पाट्यांची टोकं थोडी उघडतात. मोठा स्क्रूड्रायव्हर घालून फट वाढवा, पातळ तारेच्या ब्रशने गंज काढा, कापडाने पुसा आणि ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ थर द्या. काही गाड्यांत टोकांना प्लास्टिकच्या किंवा रबराच्या चकत्या असतात. त्या झिजून लोखंडावर लोखंड आलं असेल तर ग्रीस फार दिवस टिकत नाही, चकत्या नव्या घालाव्या लागतात. हे करताना प्रत्येक पाटा पूर्ण लांबीने बघा. तुटलेल्या पाट्याची चीर बहुधा पाटे एकत्र धरणाऱ्या मधल्या बोल्टजवळ असते आणि चिखलाखाली लपते.

बुश बदलताना एक चूक फार होते. अ‍ॅक्सल लोंबकळत असतानाच बोल्ट कचकचून आवळले जातात. रबराच्या बुशची आतली नळी बोल्टसोबत घट्ट पकडली जाते आणि पुढची सगळी हालचाल रबराच्या पिळातून होते. लोंबकळत्या स्थितीत आवळलं की गाडी खाली घेताच रबराला कायमचा पीळ बसतो, म्हणून नवे बुशही थोड्याच महिन्यांत फाटतात आणि करकरायला लागतात. म्हणून बोल्ट आधी हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, पुढे-मागे ढकलून नेहमीच्या उंचीवर येऊ द्या आणि मग आवळा.

तिथेच यू-बोल्टही (पाटा अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट) बघा. पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्या सांध्यात चकचकीत घासलेली पट्टी किंवा तांबूस पूड दिसली तर यू-बोल्ट ढिले आहेत आणि अ‍ॅक्सल सरकतो आहे. ब्रेक मारताना किंवा क्लच सोडताना मागून एकदाच 'ठक' येतो तो यामुळेही असू शकतो. अशी गाडी माल भरून चालवू नका. मधला बोल्ट तुटला तर अ‍ॅक्सल तिरका होतो. चारही नट थोडे-थोडे, तिरप्या क्रमाने, मॅन्युअलमधल्या मापाप्रमाणे टॉर्क पान्याने (नेमक्या जोराने आवळता येणारा पाना) आवळायचे.

प्रोपेलर शाफ्ट

पायी चालण्याच्या वेगाला खालून लयीत 'चूं-चूं-चूं' आणि वेग वाढला की ऐकूच येत नाही, हे सुकलेल्या क्रॉसचं (शाफ्टच्या टोकाचा फिरता सांधा) लक्षण. खात्री लयीवरून करायची. २१५/७५ आर १५ टायरचा घेर साधारण २.२ मीटर असतो. गाडी हळू चालवत एकाने बाजूने चालत ऐकायचं. दर सव्वादोन मीटरला एकदा आवाज आला तर तो चाकाचा किंवा ब्रेकचा. तेवढ्याच अंतरात चारेक वेळा आला तर तो प्रोपेलरचा, कारण चाकाच्या एका फेऱ्यात तो साधारण चार फेरे मारतो.

गाडी बंद, चाकांना ठोकळे, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. मग शाफ्ट दोन्ही हातांनी पकडून उलटसुलट पिळा आणि वर-खाली हलवा. क्रॉस आणि योक (क्रॉस ज्यात बसतो तो काटा) यांच्यात अजिबात खेळ नको. क्रॉसच्या कपांभोवती तांबूस बारीक पूड असेल तर आतल्या बेअरिंगच्या सुया गंजल्या आहेत. त्याला ग्रीस भरून काही होणार नाही, क्रॉस बदला. पूड नसेल आणि ग्रीस निपल असेल तर चारही कपांतून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत गनने भरा. तीनच कपांतून आलं तर चौथा कोरडाच आहे, आणि आवाज परत येणार. शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही योक आणि फ्लँजवर (शाफ्ट बोल्टने जोडतात ती चकती) रंगाची रेघ मारा. एखादा दाता चुकून बसला तर चूं-चूं जाते आणि थरथर येते. थांबून परत निघताना एकच 'टक' येत असेल तर सरकत्या योकच्या दात्यांना ग्रीस द्या. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या बेअरिंगचं रबर फाटलंय का तेही बघा.

चाकं आणि ब्रेक

वेगासोबत वाढणारी 'घूं' बेअरिंगची की टायरची, हे वळणावर कळतं. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर उजवीकडचं बेअरिंग संशयित. वळणाने फरक पडला नाही तर टायरवरून हात फिरवा, करवतीसारखे दाते लागले तर आवाज टायरचा.

चालताना बारीक किर्र आणि ब्रेक दाबताच बंद, हे पॅड संपल्याचं लक्षण. पॅडवरची सूचक पत्री डिस्कला घासते. अस्तर ३ मिलिमीटरच्या खाली गेलं असेल तर पॅड बदला. अचानक सुरू झालेली कर्कश खरखर पुष्कळदा डिस्क आणि मागच्या पत्र्यात अडकलेल्या खड्याची असते. गाडी थोडी रिव्हर्स घेतली तर तो पडतो. मागच्या ड्रममध्ये लायनर (ब्रेक शू) जिथे बॅक प्लेटवर टेकतात तिथे ब्रेकसाठीचं ग्रीस कणभर लागतं. लायनरच्या अस्तराला ग्रीसचा किंवा तेलाचा स्पर्शही नको.

इंजिन आणि सायलेन्सर

बेल्ट किंचाळत असेल तर चालू इंजिनवर लांबून, बाही आणि हात सांभाळून, बेल्टवर थोडं पाणी फवारा. आवाज क्षणभर गेला आणि परत आला तर पुली सरळ रेषेत नाही. वाढला तर बेल्ट ढिला आहे. एका ठरावीक रेसवरच पत्र्याची झणझण येत असेल तर सायलेन्सर थंड असताना रबरी हातोडीने पाइपभर ठोकत जा. उष्णतारोधक पत्रा लगेच सापडतो. गंजून सुटला असेल तर मोठ्या स्टील होज क्लिपने आवळा, आणि लोंबकळणारे हँगर रबर बदला.

केबिन

दरवाजाचा आवाज ओळखायला लॉकच्या खिट्टीवर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्या. आवाज गेला तर खिट्टी थोडी आत घ्या. दरवाजाचं रबरी बीडिंग कुरकुरत असेल तर ते पुसून सिलिकॉन स्प्रे कापडावर घेऊन चोळा. डॅशबोर्डसाठी शेजारी बसलेल्याने गाडी चालत असताना एकेक भाग हाताने दाबायचा. जिथे दाबल्यावर थांबतं तिथला स्क्रू आवळायचा किंवा फटीत फेल्ट टेप घालायची. खड्ड्यात केबिनच कण्हत असेल तर एक चाक उंचवट्यावर चढवून उभे राहा आणि माउंटिंग रबर बघा. चिरलेलं किंवा चेपलेलं रबर तिथे दिसतं. हौदा आणि केबिन यांच्यातली फटही तपासा, ती कुठे बंद होत असेल तर हौद्याचे बोल्ट ढिले आहेत.

यू-बोल्ट, शॅकल, प्रोपेलरचे फ्लँज बोल्ट किंवा चाकांचे नट, यांपैकी जे उघडलं असेल ते साधारण ५०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. नट आणि बोल्टवर पेंटची एक सरळ रेघ मारून ठेवली तर पुढे पाना न लावताही, रेघ तुटलेली दिसली की नट फिरल्याचं कळतं.