जपानी चहाच्या बैठकीला पाहुणे म्हणून जाताना

क्योटोला गेलेले बरेच पर्यटक 'चानोयू', म्हणजे चहाचा विधी, 'बघायला' जातात. पण तिथे पाहुण्यालाही यजमानाइतकंच काम असतं. त्याच्या बहुतेक रीतींमागे इतिहासातलं नाहीतर व्यवहारातलं कारण आहे. ते कळलं की पाठांतराची गरज उरत नाही.

१. निघण्यापूर्वी
अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. हाती येणारा वाडगा जुना असू शकतो, त्याला चरा पडता कामा नये. अत्तर लावू नका, खोलीतला धूप आणि चहाचा वास त्यात बुडतो. पांढरे स्वच्छ मोजे सोबत घ्या.

२. आत शिरताना
बागेतल्या ठेंगण्या दगडी कुंडापाशी वाकून हात धुवा, चूळ भरा. खोलीचं दार जेमतेम ६५ सेंटिमीटर उंच असतं, त्यातून गुडघ्यांवर सरकत आत जायचं. सामुराईलाही तलवार बाहेर ठेवूनच यावं लागे.

या दाराचं श्रेय परंपरेने चहागुरू सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांना दिलं जातं. चहा त्यांच्यापर्यंत कसा पोचला, तेही थोडक्यात. ११९१ साली एइसाई हा भिक्षू चीनहून चहाचं बी घेऊन आला असं मानतात. झेन मठांत ध्यानाला बसताना झोप येऊ नये म्हणून चहा पीत. पुढे सरदारांच्या दिवाणखान्यात तो महागड्या चिनी भांड्यांच्या मिरवणुकीचं निमित्त झाला. पंधराव्या शतकात मुराता जुको यांनी त्याला साध्या, देशी भांड्यांकडे वळवलं आणि साकाईच्या व्यापारी घरातल्या रिक्यूंनी तो साधेपणा टोकाला नेला. यामाझाकीतली त्यांची मानली जाणारी 'ताईआन' ही चहाखोली अवघ्या दोन चटयांची आहे. गंमत अशी, की त्यांचा धनी, जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने सोन्याने मढवलेली चहाखोली करवून घेतली होती! १५९१ मध्ये त्यानेच रिक्यूंना पोट चिरून घेण्याची आज्ञा दिली. का, यावर अजून वाद आहेत.

३. बसण्याआधी
कोनाड्यातल्या लेखपटासमोर बसून नमस्कार करा. अक्षरं वाचता आली नाहीत तरी घाईने पुढे जाऊ नका. लेख आणि फूल यजमानाने त्या दिवसासाठी निवडलेलं असतं. हीच माणसं, हाच दिवस पुन्हा जुळून येणार नाही, या भावनेला 'इचिगो इचिए' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात ई नाओसुके या सरदाराने ती विशेष रुजवली.

४. आधी गोड
मिठाई कागदावर घेऊन चहा येण्याआधी पूर्ण संपवा. मधे मधे घोट घेत खायची आपली सवय इथे चालत नाही. माचा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा चहा, कडसर असतो, गोडाची चव जिभेवर असतानाच तो पितात.

५. चहा पिताना
शेजाऱ्याला 'ओसाकी नी' (तुमच्या आधी घेतो) आणि यजमानाला 'ओतेमाए चोदाई इताशिमासु' (तुम्ही केलेला चहा घेतो) म्हणा. वाडगा उजव्या हाताने उचलून डाव्या तळव्यावर ठेवा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने दोनदा थोडा फिरवा. यजमानाने त्याची देखणी बाजू तुमच्याकडे केलेली असते, तिला ओठ लावायचे नाहीत. तीन-चार घोटांत संपवा, शेवटचा आवाज करून ओढा. मग कडा बोटांनी पुसून वाडगा उलट दिशेने फिरवा. घराण्यागणिक बारकावे बदलतात, ही रीत उरासेन्के घराण्याची.

दाट चहा मात्र एकाच वाडग्यातून सगळे पाळीपाळीने पितात. उष्टं न चालणाऱ्या घरात वाढलेला माणूस इथे अडखळेल. कडा पुसून पुढे देतात, एवढं लक्षात ठेवा. नवख्यांना बहुधा पातळ चहाच मिळतो.

६. भांडी न्याहाळताना
कोपरं मांडीला टेकवून, चटईलगतच वाडगा हाताळा, म्हणजे हातातून सुटला तरी फुटणार नाही. बांबूच्या चहा-चमच्याला अनेकदा स्वतःचं नाव असतं. ते मुख्य पाहुणा विचारतो, एकटेच असाल तर तुम्ही विचारा.

७. पायांचं काय?
बैठक वज्रासनासारखी. जेवणासकट पूर्ण बैठक चारेक तास चालते, पर्यटकांसाठीची बरीच लहान. गुडघे दुखत असतील तर नोंदणी करतानाच लहान स्टूल मागा. आणि पायाला मुंग्या आल्या असतील तर झटकन उठू नका, भांडी जवळच असतात.