टारफुल्याचा बंदोबस्त करताना या चुका टाळा

ज्वारी, बाजरी किंवा मक्याच्या शेतात टारफुला, म्हणजेच स्ट्रायगा हे परजीवी तण, जमिनीवर दिसू लागते तेव्हा पेरणीला साधारण 4 ते 7 आठवडे झालेले असतात आणि तोवर त्याने पिकाच्या मुळांत शिरून पाणी, खनिजे व अन्नरस ओढायला सुरुवात केलेली असते. जमिनीत ओल असूनही ताटे खुजी राहतात व पाने सुकल्यासारखी दिसतात, तेव्हा केवळ पाणी वाढवणे ही पहिली चूक होय. एखादे ताट मुळांसह हळुवार खणून काढावे आणि मुळांना चिकटलेले पांढरट कोंब दिसतात का, हे पाहावे.

सर्वांत महाग पडणारी चूक उशिरा घडते. शेवटची खुरपणी आटोपली की शेताकडे लक्ष राहत नाही, आणि नेमका त्यानंतरच टारफुला वर येऊन फुलतो. त्याच्या एका झाडापासून हजारो बिया तयार होतात; प्रत्येक बी जेमतेम 0.3 मिलिमीटर लांबीचे, धुळीसारखे असते आणि जमिनीत दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकते. म्हणून पीक काढणीला येईपर्यंत फेऱ्या मारून प्रत्येक झाड फुलण्यापूर्वीच उपटावे. या उपटण्याने चालू हंगामातील नुकसान फारसे भरून येत नाही, हे खरे. तरीही पुढच्या हंगामांसाठी हे कष्ट अटळ आहेत. फुललेली झाडे बांधावर न टाकता शेताबाहेर नेऊन जाळावीत, कारण उपटल्यावरही त्यांतील बी पक्व होऊ शकते.

ज्वारीनंतर मका घेणे म्हणजे फेरपालट, हा समज चुकीचा आहे, कारण टारफुल्याला दोन्ही पिके चालतात. जमीन नुसती पड ठेवल्यानेही बियांचा साठा लवकर घटत नाही. मुळांतून पाझरणाऱ्या स्ट्रिगोलॅक्टोन या द्रव्यांची चाहूल लागल्याखेरीज हे बी सहसा रुजत नाही. यांपैकी पहिले द्रव्य, स्ट्रिगॉल, 1966 मध्ये वेगळे केले गेले ते कपाशीच्या मुळांच्या स्रावातून, आणि कपाशीवर तर हे तण जगतच नाही! कपाशी किंवा सोयाबीन यांसारखी सापळा पिके बी रुजवतात, पण कोंबाला आधार न मिळाल्याने तो मरतो. मात्र हा परिणाम एका हंगामात दिसावा, अशी अपेक्षा धरू नये.

नत्र व स्फुरद कमी असलेल्या जमिनीत मुळे हे स्राव अधिक सोडतात, म्हणून खताची काटकसर टारफुल्याच्या पथ्यावर पडते. शेणखत मात्र पूर्ण कुजलेलेच वापरावे, कारण चाऱ्यातून जनावरांच्या पोटात गेलेले बी शेणातून जिवंत बाहेर पडू शकते.

प्रतिकारक वाण जरूर निवडावे. ज्वारीच्या अशा वाणांवरील कामासाठी वनस्पती-पैदास शास्त्रज्ञ गेबिसा एजेटा यांना 2009 चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. तथापि केवळ वाणावर विसंबून फेरपालट सोडू नये, आणि बाधित शेतात वापरलेली अवजारे माती झाडल्याशिवाय दुसऱ्या शेतात नेऊ नयेत.