परराज्यातल्या कोर्टाचं समन्स हाती आलं की

पाकीट घ्या. पोस्टमनला ‘मालक नाहीत’ सांगून परत धाडायचं, ही मार्केट यार्डातली जुनी युक्ती अंगलट येते. ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडला की कोर्ट बजावणी झाली असं धरू शकतं, आणि तुमच्या हाती मात्र चिटोरंही नसतं. सही करा, मिळाल्याची तारीख पाकिटावरच पेनाने लिहा आणि ते जपून ठेवा. त्यावरचा पोस्टाचा शिक्का पुढे मुदत मोजायला लागतो.

आमच्याकडे सांगलीत बेदाण्याच्या व्यवहारातलं समन्स कर्नाटकातून आलं. काकांनी आतली तारीख पाहिली, ती दोन महिने लांब होती, म्हणून कागद पेढीच्या गादीखाली सरकवले. हजर राहायची तारीख वेगळी आणि लेखी कैफियतीची, म्हणजे दाव्याला द्यायच्या उत्तराची, मुदत वेगळी, हे त्यांच्या गावीच नव्हतं. साध्या दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची. कारण पटलं तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत वाढवून देतं. ३ लाख किंवा त्यावरच्या व्यापारी दाव्यात १२० दिवस उलटले की कैफियत घेतच नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खालचा समरी, म्हणजे झटपट चालणारा, दावा असेल तर हजेरी नोंदवायला फक्त १० दिवस. म्हणून समन्स कशाखाली निघालंय ते आधी बघा. कानडी बोलता येतं म्हणून वाचता येतंच असं नाही. कर्नाटकच्या सीमेला लागून असलेल्या जतकडचा एखादा वाचणारा गाठा.

कागद व्हॉट्सॲपवर आला असेल तर ई-कोर्ट्सच्या सरकारी संकेतस्थळावर केस नंबर किंवा सीएनआर (प्रत्येक केसला मिळणारा वेगळा क्रमांक) टाकून खातरजमा करा. ‘डिजिटल अटक’ म्हणत पैसे मागणारा चोर असतो, कोर्ट नव्हे.

समन्ससोबत दाव्याची नक्कल हवी. नसेल तर मागा. मग बिलं, बिल्टी, वजनाच्या पावत्या, कोल्ड स्टोरेजच्या पावत्या, खातेउतारा आणि बँकेचं स्टेटमेंट तारीखवार लावा. व्यवहाराचे मेसेज मोबाइलवरून पुसू नका.

‘मी सांगलीचा, मग दावा तिकडे कसा?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. व्यवहाराचा काही भाग तिथं घडला असेल तर दावा तिथं चालू शकतो. हरकत घ्यायची तर पहिल्या झटक्यात, कोर्ट वादाचे मुद्दे ठरवण्याआधी घ्यावी लागते. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘सांगली न्यायकक्षेत’ छापलेलं असतं ना, ते बिल वकिलाला सगळ्यात आधी दाखवा. दावा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवायचा तर अर्ज थेट सर्वोच्च न्यायालयात, तेव्हा त्या भरवशावर बसू नका. वकीलपत्र तिकडच्याच वकिलाला द्या, रोजच्या तारखांना इथून कोण जाणार? ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर आहे.

चेक न वटल्याची केस फौजदारी. ती पैसे घेणाऱ्याच्या बँक शाखेच्या गावी चालते, आणि हजर न राहिल्यास वॉरंट निघू शकतं.

तुम्ही गैरहजर म्हणून एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे विरुद्ध निकाल, झालाच, तर तो उठवायला ३० दिवस. नाहीतर तोच हुकूमनामा वसुलीसाठी सांगलीच्या कोर्टात येतो आणि बेलिफ दारात.

काकांची कैफियत ५२व्या दिवशी गेली. कोर्टाने घेतली, पण खर्च बसवून. पाकीट आता खतावणीत आहे.