कंट्रोलचा फ्लास्कही तपकिरी झाला तेव्हा

जिवाणूंकडून चांदीचे नॅनोकण बनवून ते स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर तपासणं, हा माझ्या पीएचडीचा विषय. या कामात नव्यानं येणाऱ्यांचे माझ्यासारखे महिने वाया जाऊ नयेत, म्हणून लिहितेय.

पद्धत दिसायला सोपी. जिवाणू वाढवा, सेंट्रिफ्यूज करा, वरच्या द्रवात १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट घाला. जिवाणूंनी बाहेर सोडलेली प्रथिनं चांदीच्या आयनांचं क्षपण करतात, म्हणजे त्यांना इलेक्ट्रॉन देऊन धातूची चांदी बनवतात, आणि तयार कणांभोवती आवरणही धरतात. फिकट पिवळा द्रव तपकिरी होत जातो, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या दरम्यान प्रकाशशोषणाचं शिखर येतं, ही चांदीच्या नॅनोकणांची खूण. ते पहिल्यांदा दिसलं त्या रात्री मला आनंदानं झोप लागली नाही.

गाईडनी एवढंच विचारलं, "नुसत्या माध्यमाचा कंट्रोल लावलास?" म्हणजे जिवाणूंशिवाय, फक्त त्यांच्या पोषक द्रवाचा तुलनेसाठीचा फ्लास्क. नव्हता लावला. लावला, तर एकही जिवाणू नसलेला तो फ्लास्कही दोन दिवसांत तपकिरी! माध्यमातलं यीस्ट एक्स्ट्रॅक्टच चांदीचं क्षपण करत होतं. वर माध्यमातल्या मिठामुळे सिल्व्हर क्लोराइडचा पांढरट गढूळपणा. चार महिन्यांचं काम पुन्हा केलं. आता मी जिवाणूंच्या पेशी धुऊन निर्जंतुक पाण्यात ठेवते आणि ते पाणी गाळून वापरते. जिवाणू ग्रॅम-निगेटिव्ह असतील तर एंडोटॉक्सिनही (त्यांच्या बाह्य आवरणातलं विष) तपासा.

पुढे सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी. स्तनाच्या कर्करोगाच्या दोन: एमसीएफ-७ला इस्ट्रोजेनचे रिसेप्टर (ते हार्मोन पकडणारी प्रथिनं) असतात, एमडीए-एमबी-२३१ ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-२ या तिन्ही रिसेप्टरच्या चाचण्या निगेटिव्ह. दोन्ही घ्या, पण कर्करोग नसलेल्या स्तनपेशींच्या एमसीएफ-१०एला वगळू नका. तिन्ही सारख्याच मात्रेत मरत असतील, तर हातात औषध नाही, विष आहे. किती पेशी जिवंत राहिल्या हे मोजणाऱ्या एमटीटी चाचणीत जिवंत पेशी पिवळ्या रंगद्रव्यापासून जांभळे स्फटिक बनवतात. नॅनोकण त्या रीडिंगमध्येच गडबड करू शकतात. म्हणून पेशी न घातलेल्या, फक्त कण असलेल्या वेल (प्लेटमधले छोटे खळगे) हव्यातच. नुसत्या सिल्व्हर नायट्रेटच्याही.

एका रुग्णाच्या मुलीनं मला फोन करून विचारलं होतं, हे औषध आईला कधी मिळेल? अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेल्या पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाच्या नॅनोकणांना अमेरिकेत २००५ साली मान्यता मिळाली, पण ते जिवाणूंनी बनवलेले नाहीत. आमचे कण अजून प्लेटमध्येच आहेत. मी तिला तसंच सांगितलं, आणि आईची केमो चुकवू नका म्हटलं.