अ‍ॅम्लोडिपिनचा ओव्हरडोस : कॅज्युअल्टीतल्या या चुका टाळा

अ‍ॅम्लोडिपिनच्या (बीपी कमी करणारे औषध) गोळ्या प्रमाणाबाहेर घेतलेला रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो, नावगाव नीट सांगतो, आणि नवे निवासी डॉक्टर नेमके तिथेच फसतात. रक्तातली पातळी कमाल व्हायला या औषधाला 6 ते 12 तास लागतात आणि ती निम्मी व्हायला 30 ते 50 तास. त्यामुळे ‘तीन तास झाले, बीपी बरे आहे, वॉर्डात हलवतो’ हे वाक्य मला ऐकवत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र सलाइनची आहे. एका रात्री आलेल्या बाईंचे वरचे बीपी 70 होते. मी पोहोचेपर्यंत त्यांना चार लिटर सलाइन गेले होते, आणि त्यातल्या शेवटच्या दोन लिटरना फोनवर होकार मीच दिला होता. बीपी जागचे हलले नाही. पहाटे ऑक्सिजन 82 टक्क्यांवर आला, एक्स-रेत दोन्ही फुप्फुसे पांढरी दिसली, पण इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदय उत्तम आकुंचन पावत होते. त्यांच्या शरीरात पाणी कमी पडलेच नव्हते. रक्तवाहिन्या सैलावल्या होत्या. फुप्फुसातल्या केशवाहिन्यांवर त्यामुळे दाब वाढतो आणि पाणी वायुकोशांत झिरपते, त्यात आम्ही भर घातली. पाच दिवस व्हेंटिलेटरवर काढून त्या घरी गेल्या.

तेव्हापासून एक लिटरनंतर मी छातीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवल्याशिवाय पुढची बाटली लावू देत नाही. कॅल्शियम लगेच देतो आणि रक्तवाहिन्या आवळणारे नॉरअ‍ॅड्रेनालिन लवकर सुरू करतो. इकोमध्ये हृदय मंद दिसले, विशेषतः व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम हे याच गटातले औषध घेतलेले असेल, तर हृदयाला बळ देणारे मोठ्या डोसचे इन्सुलिन शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवू नये, कारण त्याचा परिणाम दिसायलाच अर्धा-पाऊण तास जातो. ताशी किलोमागे 1 युनिट म्हणजे मधुमेहातल्या कीटोअ‍ॅसिडोसिसच्या दहापट डोस असल्याने हात कचरतो, हे मान्य आहे; त्यासाठीच सोबत ग्लुकोज द्यावे आणि साखर व पोटॅशियम वारंवार मोजावे.

इतर औषधांच्या ओव्हरडोसमध्येही चुका होतात. अ‍ॅमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचे औषध घेतलेल्या रुग्णाच्या ईसीजीत नुसती नाडीची गती पाहू नये. क्यूआरएस (ईसीजीतली मुख्य उंच लहर) 100 मिलिसेकंदांहून रुंद असेल तर सोडियम बायकार्बोनेट द्यावे.

गुंगीतल्या रुग्णाची श्वासनलिका सुरक्षित न करता पोट धुणे म्हणजे न्यूमोनियाला आमंत्रण आहे. नातेवाइकांच्या समाधानासाठी तर ते मुळीच करू नये.

अफूवर्गीय औषधांवरचा उतारा असलेल्या नॅलोक्सोनने जागा झालेला रुग्ण तासाभरात घरी पाठवू नये. नॅलोक्सोनचा असर आधी उतरतो, मेथाडोनसारख्या अफूवर्गीय औषधाचा नंतर.